कारण : स्वतःचा निष्काळजीपणा

हे तीन शब्द अपघाताच्या रिपोर्टवर होते आणि त्यांच्यापायी माझे चार महिने गेले.

मी बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, चीफ कुक. जुलैचा अरबी समुद्र, जहाज सारखं डोलतंय. 11:40 ला ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, कोर्स (जहाजाची दिशा) बदलला, पण गॅलीला, म्हणजे स्वयंपाकघराला, फोन केला नाही. जहाज एकदम कललं, तेलकट फरशीवरून पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर, विमान, घर, सगळं वेळेत झालं.

कंपनीच्या बेलापूरच्या ऑफिसात आजारपणाचा पगार मागितला, तर साहेबांनी तो रिपोर्ट पुढे सरकवला. खाली माझीच सही, डाव्या हाताने केलेली, वेडीवाकडी. गोळ्यांच्या गुंगीत मी काही वाचलंच नव्हतं. "तुम्हीच कबूल केलंय ना?" मग सोमवारी या, फाईल वर गेलीय, साहेब रजेवर आहेत. सहा फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी गळ्यात अडकवलेला हात घेऊन लोकलची गर्दी. संताप अजून जात नाही.

शेवटी युनियनमधल्या एका जुन्या खलाशाने समजावलं. सागरी कामगार करार 2006 चा आहे, भारत त्यात 2015 ला आला. त्यानुसार कामावर जखमी झालेल्याला घरी आल्यावरही बरा होईपर्यंत पूर्ण किंवा काही पगार द्यावा लागतो. देशाच्या कायद्याने त्याला मुदत घातली तरी ती जखमी झाल्यापासून 16 आठवड्यांपेक्षा कमी असू शकत नाही. जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन असेल तरच हात वर करता येतात, आणि निष्काळजीपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे. मी जहाजावरून डेक लॉगबुकच्या (जहाजाच्या रोजच्या नोंदवहीच्या) पानाची प्रत मागवली. कोर्स बदलल्याची वेळ 11:40, म्हणजे मी पडलो तीच. ते पान टेबलावर ठेवलं आणि पंधरा दिवसांत पैसे जमा झाले.

म्हणून सांगतो, वाचल्याशिवाय सही करू नका. हात चालत नसेल तर दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि प्रत घेतल्याशिवाय जहाज सोडू नका.

आणि हो, दर्या खवळला की तळण बंद. भांडी अर्धीच भरा, टेबलावर ओला कपडा अंथरा, ताटं घसरत नाहीत. फरशीवर तेल सांडलं की हातातलं काम टाकून आधी ते पुसा.

आता नव्या जहाजावर चढलो की पहिल्याच दिवशी ब्रिजवर जाऊन सांगतो, कोर्स बदलण्याआधी गॅलीला फोन करा. मागच्या खेपेला थर्ड ऑफिसरचा फोन आला. डाळीचं पातेलं सिंकमध्ये ठेवलं, हॉटप्लेट (विजेची शेगडी) बंद केली आणि दोन्ही हातांनी रेलिंग धरलं.