जिप्सी आधी उचलली, मग परत खाली आणली

माझी मारुती जिप्सी २००४ ची आहे, सॉफ्ट टॉप, १३०० सीसी एमपीएफआय, कागदावर ८० बीएचपी. कागदावर म्हणतोय कारण आता त्यातले किती घोडे जिवंत आहेत ते त्यांनाच माहीत. घेतली तेव्हा तिच्यात वाईट असं फारसं काही नव्हतं, मीच ते दोन वर्षं खपून पैदा केलं आणि मग पुढची दोन वर्षं निस्तरलं. हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी सारखं विचारतं की जुनी जिप्सी मिळतीये, लिफ्ट किती इंच करू म्हणजे गाडी किती उचलू, एकतीस इंची टायर बसतील का, म्हणून म्हणलं एकदाच सगळं लिहून टाकू, प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा हे बरं.

तर माझं झालं असं की गाडी दारात आली आणि पहिल्याच आठवड्यात मी व्हिडिओ बघून बघून यडा झालेलो. त्यात सगळ्या गाड्या ताडमाड उंच, चाकं ट्रॅक्टरसारखी. मी ठरवलं स्प्रिंग ओव्हर करायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जिप्सीला पुढे मागे दोन्हीकडे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात आणि हे पाटे कंपनीतून अॅक्सलच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याच्या, खालून बांधलेले येतात. तेच पाटे अॅक्सलच्या वर आणून बांधले की गाडी एका झटक्यात पाचेक इंच वर जाते, नवीन पाटे घ्यायला लागत नाहीत, नुसते पॅड वेल्ड करायचे आणि यु बोल्ट फिरवायचे. स्वस्तात मस्त वाटतं ना? मला पण वाटलं.

शहरातल्या एका गॅरेजवाल्याने (नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता, घाईत होता) चार दिवसांत करून दिलं. वर ३१ इंची टायर, पुढे लोखंडी बंपर, त्यावर आठ हजार पाउंडाची विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचा तारेचा रहाट). सोसायटीत गाडी लावली तेव्हा वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, आता शिडी पण घ्या एक." बायको काहीच बोलली नाही, नुसती चढायचा प्रयत्न करून परत उतरली आणि रिक्षाने गेली.

पहिला धक्का एक्सप्रेसवेला सुद्धा नाही, साध्या सिंहगड रोडवर बसला. पाटे वर गेले, चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा वर गेला, स्टिअरिंग बॉक्स चेसिसबरोबर वर गेला, पण चाकं आहेत तिथंच, जमिनीवर. म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक जी आधी जवळपास आडवी होती ती आता घसरगुंडीसारखी तिरकी झाली. त्यामुळे खड्ड्यात चाक वर खाली झालं की ती लिंक चाकाला बाजूला ढकलते, तुम्ही स्टिअरिंग सरळ धरलेलं असलं तरी गाडी आपल्या मनाने डावीकडे जाते. ताशी चाळीसला एकदा ती शेजारच्या पीएमटी बसच्या अंगावर गेली तेव्हा माझ्या पोटात जे गोळा आलेलं ते अजून आठवतंय. याला उपाय आहे, वाकवलेली लिंक किंवा वर घेतलेला आर्म, पण ते करायला लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं पण नव्हतं.

दुसरा धक्का गिअरचा. हा जरा आकडेमोडीचा भाग आहे पण वाचाच. कंपनीचा टायर २०५/७० आर १५, म्हणजे साधारण ६६८ मिलिमीटर उंच. ३१ इंची टायर ७८७ मिलिमीटर. जवळपास १८ टक्के मोठा. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही खरे ७० वर असता, ते एक सोडा. खरा घोटाळा फोर लो मध्ये होतो, म्हणजे चारही चाकांना जोर देऊन अगदी सावकाश चालवायच्या गिअरमध्ये. जिप्सीच्या ट्रान्स्फर केसला (जोर पुढच्या मागच्या चाकांत वाटणारी, हाय आणि लो अशा दोन गतींची पेटी) हायला रेशो आहे १.४०९ आणि लोला २.२६८, म्हणजे हाय आणि लो मधला फरकच मुळात १.६ पट, बाकी गाड्यांना असतो तसा अडीच पट वगैरे काही नाही. आता टायर १८ टक्के मोठा केला की त्या १.६ चे उरतात १.३७ च्या आसपास. म्हणजे मी पैसे खर्च करून माझा फोर लो घालवला! चढावर पहिल्या गिअरला लो मध्ये गाडी रांगायला पाहिजे ती धावायला लागली, आणि हळू करायला जावं तर इंजिन बंद पडायचं, मग क्लच अर्धा दाबून धरायचा, मग तो जळका वास. परदेशात सामुराय म्हणून जवळपास हीच गाडी विकली जायची, तिच्यासाठी ट्रान्स्फर केसचे खोल रेशोचे गिअर मिळतात, पण मागवायचे म्हणजे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला.

ब्रेकचं तर सांगतच नाही. तेवढेच ब्रेक, चाक मोठं, जड. समजून घ्या.

मग आला जुलै. वेल्हे (आता राजगड) तालुक्यात, केळदच्या अलीकडे एका मित्राची जमीन आहे, तिथे आम्ही चार गाड्या घेऊन गेलो, पाऊस असा की समोरचं दिसेना. भातखाचराच्या कडेने एक गाडीवाट आहे, लाल चिखल, मध्ये बांध तुटलेला. मी ऐटीत पहिला. बांधावर तिरका चढलो आणि मागचं डावं आणि पुढचं उजवं, दोन्ही चाकं हवेत. संपलं. अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल असतो, इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा, तो साधा असला की दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतो शून्य, म्हणून जमिनीवरच्या चाकाला पण शून्यच मिळतो. फोर व्हील ड्राइव्ह असून दोन चाकं पंख्यासारखी फिरतायत आणि दोन ढिम्म. मी रागाने अॅक्सिलरेटर दाबला, हवेतलं मागचं चाक गरकन फिरत असतानाच गाडी अर्धा फूट घसरून खाली आली, चाकाने एकदम दगड पकडला आणि खाडकन आवाज. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या अॅक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) गेला. यातला पण अर्धा वाटा त्या स्प्रिंग ओव्हरचा, जोर आला की अॅक्सल पाट्यासकट पिळवटतो, शाफ्टचा कोन आधीच बिघडलेला, मग सगळ्यात कच्चा तुकडा तुटतो.

आम्ही तिथं चिखलात उकिडवे बसलोय आणि मागून दुधाच्या कॅन भरलेली एक पिकअप आली. टू व्हील ड्राइव्ह. ड्रायव्हर खाली उतरला, वाट बघितली, माझी गाडी बघितली, बांधाच्या खालच्या अंगाने जिथे मुरूम लागतो तिथून एक चाक उंचवट्यावर ठेवून सावकाश निघून गेला, कॅनचं झाकण पण वाजलं नाही. जाता जाता काच खाली करून म्हणाला, "दादा, लय जड केलीय गाडी."

हे वाक्य मला इतकं लागलं की काय सांगू. कारण खरं होतं. ही गाडी मुळात हजार किलोच्या आतबाहेरची आहे आणि तिची सगळी करामत तिथेच आहे, ती ताकदवान कधीच नव्हती, १९८५ ला आली तेव्हा तर ९७० सीसीचं इंजिन होतं. ती हलकी आहे म्हणून चालते. मी बंपर आणि विंच मिळून नाकावर ऐंशी एक किलो टांगले, चार टायरचं वजन वाढवलं, वर कॅरिअर, त्यावर अख्खं स्पेअर. आणि वर परत रुंद टायर! आपल्या मावळातल्या चिखलाची गंमत अशी की वरचा सहा आठ इंच थर लोण्यासारखा असतो पण खाली मुरूम किंवा खडक असतो, तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली जाऊन घट्ट पकडतो आणि रुंद टायर वरच तरंगत बसतो. सोलापूर मराठवाड्याकडची काळी माती वेगळी, तिथे खाली काही लागतच नाही आणि टायरच्या नक्षीत माती भरून त्याचा गुळगुळीत लाडू होतो, तिथे कुठला पण टायर घाला, पावसात न जाणं हाच उपाय.

घरी आल्यावर डिफरन्शियलचं तेल बघितलं तर कटिंग चहाच्या रंगाचं. हे का होतं ते मला भोर रोडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीमामांनी शिकवलं. गाडी चालून चालून डिफरन्शियल गरम झालेला असतो, तो ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. हाऊसिंगवर एक छोटी ब्रीदरची टोपी असते, तिथे नळी लावून ती वर इंजिनपर्यंत न्यायची, की मग तो हवा वरून घेतो. दीडेकशे रुपयांचं काम. मी विंचवर जेवढे घातले त्यात अशा किती नळ्या आल्या असत्या याचा हिशोब मामांनी माझ्यादेखत करून दाखवला.

मामांनी दुसरं एक केलं. स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरले आणि चेसिसला टोचत टोचत मागे गेले. टक, टक, टक, आणि मागच्या शॅकलच्या हँगरपाशी, जिथे पाटा चेसिसला लटकतो तिथे, भस्सकन स्क्रू ड्रायव्हर आत. पापड झालेला. माझ्याआधी गाडी कोकणात होती म्हणे. म्हणजे मी वर्षभर पाच इंच उंच, १८ टक्के मोठे टायर घालून त्या पापडावर उड्या मारत होतो. "आधी सांगाडा बघायचा वो, मग दागिने," मामा म्हणाले.

मग सगळं उलटं सुरू केलं. चेसिसचा तो भाग कापून नवीन प्लेट वेल्ड. पाटे परत अॅक्सलच्या खाली. पाट्यांची कमान बसलेली होती ती कमानपाटेवाल्याकडून परत मारून घेतली, नवीन बुश, नवीन शॅकल, दीडेक इंच उंची तेवढ्यातच मिळाली आणि गाडी सरळ चालायला लागली. टायर २१५/७५ आर १५ मड टेरेन (चिखलाच्या नक्षीचे), ७०३ मिलिमीटर, म्हणजे कंपनीपेक्षा पाच टक्केच मोठा. लोखंडी बंपर काढला. तसाही क्रॅश गार्ड, बुल बार लावायला २०१७ च्या डिसेंबरपासून सरकारची बंदी आहे, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण कंपनीच्या मूळ बांधणीत फेरफार चालणार नाहीत असं सांगितलेलं आहे, त्यामुळे गाडी उंच करून आरटीओत पासिंगला नेणं म्हणजे स्वतःहून वाघाच्या तोंडात डोकं. माझं २०१९ ला पंधरा वर्षांचं नूतनीकरण ६०० रुपयात झालेलं, २०२४ ला त्याचे ५००० मोजले. एवढे मोजून वर फेल व्हायचं नव्हतं.

वाचलेल्या पैशात (वाचले कुठले, विंच विकली) मागच्या डिफरन्शियलमध्ये एक लॉकर टाकला. माझ्या मते जिप्सीवर पैसे घालण्यासारखी खरी गोष्ट हीच. एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढतं. त्याचे पण नखरे आहेत, वळताना कट कट आवाज येतो, पार्किंगमध्ये लोक वळून बघतात, ओल्या डांबरावर गोल सर्कलला गाडीची मागची बाजू हळूच बाहेर निघते, त्याची सवय करायला लागते.

आणि हवा. रोडवर मी २४ ते २६ पीएसआय ठेवतो, चिखलात शिरायच्या आधी १५ वर आणतो. टायर खाली पसरून लांब होतो आणि दगडाला मिठी मारल्यासारखा बसतो. याला खर्च शून्य, परत भरायला एक बाराव्होल्टचा कॉम्प्रेसर. पहिल्या वर्षी मी एकदाही हवा सोडली नव्हती, कोण परत भरत बसणार म्हणून. मूर्खपणा नुसता.

अजून एक, फोर व्हील लावून डांबरावर फिरू नका. जिप्सीला मधला डिफरन्शियल नसतो, वळणावर पुढच्या मागच्या चाकांचं अंतर जुळत नाही आणि सगळा ताण शाफ्टमध्ये पिळ बसल्यासारखा साठतो, मग लिव्हर निघता निघत नाही. तसं झालं तर शांतपणे थोडं सरळ रिव्हर्स घ्या, सुटतो. लाथा मारू नका, मी मारल्यात. आणि सड्यांवर, पठारांवर फुलांच्या दिवसात गाड्या घालणाऱ्यांना काय म्हणायचं ते मी इथं लिहीत नाही.

गेल्या पावसाळ्यात परत त्याच बांधावर गेलो. यावेळी आधी उतरून वाट बघितली, हवा १५, लो, पहिला गिअर, पाय सगळ्यावरून काढून घेतले. मागचं चाक उचललं गेलं, लॉकरने कट केलं आणि गाडी म्हातारीसारखी कुरकुरत पलीकडे उतरली. पिकअपवाला तेवढा बघायला नव्हता.

आता दुसरा गिअर उतारावर सटकतोय, गिअरबॉक्स उतरवायला लागणार आहे. मामा म्हणाले दिवाळीनंतर आणा. तोवर उतारावर एक हात लिव्हरवर दाबून धरून चालवतोय.