भिंतीवरचा सिनेमा : २३ झाले, पोळ्यापर्यंतची नोंद

मंडळी, मागची नोंद टाकली तेव्हा कापूस वेचणी चालू होती आणि आपले ९ सिनेमे झाले होते. आता नवी पऱ्हाटी (कपाशी) गुडघ्याच्या वर आली आहे आणि परवा २३ वा दाखवला. मधे लिहिणं राहून गेलं, पण वहीत प्रत्येक सिनेमाची तारीख, किती लोक आले, कोण काय बोललं हे लिहून ठेवून राहिलो, त्यातलंच आज टाकतो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा आणि दिग्रसच्या मधात. घराच्या मागच्या भिंतीला चुना मारलेला, सेकंडहँड प्रोजेक्टर, इन्व्हर्टरला ट्रॅक्टरची बॅटरी, खाली सतरंज्या. येणारे सगळे आसपासच्या घरचेच, वीस-पंचवीस जण, कधी चाळीस. रब्बीत मोटरीची लाईन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते, रात्रीच्या आठवड्यात माणसं हरभऱ्याला पाणी द्यायला जातात म्हणून सिनेमा नेहमी दिवसाच्या लाईनच्या आठवड्यातच ठेवायचा, हे मला तीन शो रिकामे गेल्यावर समजलं. पावसाळ्यात भिंत बंद, आत धान्याच्या खोलीत पांढरी चादर.

आवाजाचं पण सांगून ठेवतो कारण दोघा-तिघांनी विचारलं होतं. जुन्या सिनेमाचा आवाज मोठ्या बॉक्सवर फुटतो, घुमतो, एक शब्द कळत नाही. मी बेस पूर्ण बंद केला, आणि बॉक्स भिंतीपाशी ठेवायच्या ऐवजी दोन लहान स्पीकर लोकांच्या मधात खाली ठेवले. एवढ्यानंच १९५३ चा सिनेमा स्वच्छ ऐकू यायला लागला.

तो १९५३ चा म्हणजे बिमल रॉयचा 'दो बिघा जमीन', आणि माझं सगळं निवडणं बदललं ते या सिनेमानं. आधी मी विषय पाहून सिनेमे काढत होतो, आज जातीवर, पुढच्या वेळी बायकांवर, मग कर्जावर. लोक यायचे, पाहायचे, चांगला होता म्हणून उठून जायचे. 'दो बिघा'च्या रात्री शंभू महतो घरातलं किडुकमिडुक विकून ६५ रुपये घेऊन जमीनदाराकडे जातो आणि मुनीम वही उघडून म्हणतो की २३५ झाले, तिथं आमच्या मागच्या आळीतले एक मामाजी, आयुष्यभर सालदारकी (वर्षाच्या बोलीवर शेतमजुरी) केलेले, सतरंजीवरून उठून प्रोजेक्टरपाशी आले आणि म्हणाले, "थांबव बापू. पासष्टचे दोनशे पस्तीस कसे झाले? पुन्हा दाखव." मी मागे घेतलं. पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा. आणि मग त्यांनीच सगळ्यांना समजावून सांगितलं की शंभूनं जी मजुरी कर्जात फेडली ती त्या वहीत चढवलीच नाही, "कामाची नोंद आपल्याजवळ नसते ना, थे मालकाजवळ असते." पंधरा मिनिटं सिनेमा बंद आणि लोक आपापले हिशोब सांगून राहिले, कोणाच्या सालाचे किती कापले, कोणाची ज्वारी कशी मोजली.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की बाहेर ज्याला आपण सामाजिक विषय म्हणतो तो इथं कोणी पाहतच नाही. लोक हिशोब पाहतात आणि काम करणारे हात पाहतात. ते खरे असले की बाकी सगळं आपोआप पोचते. बलराज साहनींनी या भूमिकेसाठी कलकत्त्यात खरोखर हातरिक्षा ओढून पाहिली होती, आणि ते इथं कोणाला सांगावं लागलं नाही, रिक्षा ओढताना त्यांची मान आणि खांदे पाहूनच एक जण म्हणाला की हा माणूस वजन ओढलेला आहे. शेवटी शंभू मिलच्या कुंपणाबाहेरून आपल्याच जमिनीची मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी ती पण टाकायला लावतो. बंगालच्या मापानं दोन बिघे म्हणजे एक एकरही भरत नाही, पण एवढ्याशा तुकड्यासाठी त्या रात्री बरेच जण उशिरापर्यंत घरी गेले नाहीत.

याच धाग्यावर एक हळहळ. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२५ साली 'सावकारी पाश' केला, मूकपट, त्यात शेतकरी झाले होते तरुणपणचे व्ही. शांताराम. सावकाराच्या कर्जात जमीन जाते आणि शेतकरी शहरात मजुरीला जातो, म्हणजे 'दो बिघा'च्या २८ वर्षं आधी ही गोष्ट मराठी माणसानं पडद्यावर आणली होती. त्या मूकपटाची प्रत आज राहिलेली नाही. मामाजींना दाखवायची फार इच्छा होती.

त्यानंतर काम आणि हात याच नजरेनं यादी पुन्हा केली. आणि पहिला नंबर लागला 'सद्गती'चा. सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये प्रेमचंदांच्या कथेवर दूरदर्शनसाठी केलेला, तासाभराच्या आतच संपतो. खेड्यात दाखवायला सुरुवात करायची असेल तर माझं ऐका आणि यापासून करा, लहान आहे, मंडळी उठून जात नाही. दुखी पोरीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला पंडिताच्या दारी जातो, अंगात ताप, पोटात काही नाही, आणि पंडित त्याला एक गाठीचं लाकूड फोडायला सांगतो. ओम पुरी नुसता कुऱ्हाड मारत राहतो. पहिले पाच-सात घाव पडले आणि आमच्या सतरंजीवर कुजबुज सुरू झाली, बाभळीचं असन, नाही हे चिंचेचं वाटते, धार नाही कुऱ्हाडीला. मग एक जण मोठ्यानं ओरडला, "याले पाचर काऊन नाई देत कोनी?" लाकूड फोडलेल्या माणसालाच हे सुचते की गाठ असली की पाचर ठोकावी लागते, नुसत्या घावानं फुटत नाही. आणि कोणीच पाचर देत नाही, कोणी भाकर पण देत नाही. पुढं दुखी तिथंच मरतो आणि पंडित त्याचं प्रेत पायाला दोरी अडकवून ओढत नेतो तेव्हा कोणीच काही बोललं नाही. शेवटी ती कुऱ्हाड लाकडात तशीच रुतलेली दिसते. दुसऱ्या दिवशी पाचरवाला माणूस रस्त्यात भेटला आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ म्हणाला, एक पाचर दिली असती तर वाचला असता.

स्मिता पाटील आणि मोहन आगाशे दोघं पण आहेत त्यात, ज्यांना नावं पाहून सिनेमा लावायचा असतो त्यांच्यासाठी सांगितलं.

'मंथन' (१९७६, श्याम बेनेगल) चांगला गेला. गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये घालून हा सिनेमा काढला हे मी सुरुवातीलाच सांगितलं आणि बायकांमधून आवाज आला, म्हणजे वर्गणीचाच झाला की. दूध तपासून भाव ठरतो हे पाहून डेअरीला दूध घालणारे दोघं-तिघं एकदम सावध होऊन बसले. अलीकडं त्याची प्रिंट नव्यानं दुरुस्त झाली आणि २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा आता पाहाल तर ती दुरुस्त केलेलीच शोधा, जुन्या कॉपीत रात्रीच्या सीनमध्ये काही दिसत नाही. 'सामना' तर लावायलाच पाहिजे, त्याबद्दल वेगळं काय सांगू, आमच्या आळीतली पोट्टी महिनाभर एकमेकांना "मारुती कांबळेचं काय झालं" विचारून राहिली होती. गोष्ट साखर कारखान्याच्या गावातली, पण तो मास्तर आणि तो कारखानदार हिंदुराव सगळ्यांच्या ओळखीचे निघाले.

मंत्र्यांच्या राजकारणावरचा 'सिंहासन' मात्र बसला नाही. माझा स्वतःचा अतिशय आवडता, पण पात्रं खूप, सगळं बोलण्यात, त्या दिवशी वारा पण होता, अर्ध्यात निम्मे लोक गेले. पुढच्या वेळी आधी दहा मिनिटं कोण कोणाचा माणूस हे सांगून मगच लावणार. चेतन आनंदचा 'नीचा नगर' (१९४६) पण मी दाखवलेल्या कॉपीच्या आवाजानं मारला, नाहीतर गोष्ट काय जबरदस्त आहे, वरच्या वस्तीतल्या शेठजीचं घाण पाणी खालच्या वस्तीत सोडलं जाते, आणि हा सिनेमा पहिल्या कान महोत्सवात इतर काही सिनेमांसोबत मोठं बक्षीस घेऊन आला होता. कोणाजवळ चांगली कॉपी असेल तर कुठून घेतली एवढं कळवा.

बायकांसाठी दुपारी एक वेगळा शो ठेवला होता, 'कुंकू', प्रभातचा १९३७ चा. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा, शांता आपटे. ती त्याला नवरा मानायला नाहीच म्हणते, आणि नाहीच म्हणत राहते. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही, त्यामुळं घरातले आवाज नुसते, आणि खोलीत बसलेल्या बायकांची हालचाल पण सिनेमातलीच वाटत होती. शेजारची आजी, नव्वदीला आलेली, संपल्यावर उठली नाही. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाली, "मले तं कोनी इचारलंच नव्हतं. हिनं नाई म्हनलं, बरं केलं वं माय." मग चहा घेतला. वहीत त्या दिवसाची एवढीच नोंद आहे.

आता 'फँड्री'. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा काही कमी पाहिलेला नाही, पण गावात सगळ्यांनी एकत्र बसून पाहणं वेगळं असते म्हणून लावला. डुक्कर पकडायच्या सीनमध्ये शाळेत राष्ट्रगीत लागते आणि सिनेमातला पोरगा जब्या आणि त्याच्या घरची माणसं जिथल्या तिथं उभी राहतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मला जे माहीत नव्हतं ते असं की राष्ट्रगीत लागल्या-लागल्या आमच्या सतरंजीवरची पोट्टी पण उठून उभी राहिली. सगळी. शाळेत सवय लागलेली. पडद्यावर ते ताठ उभे, खाली ही ताठ उभी, आणि डुक्कर निघून चाललेलं. मागून एक जण ओरडला, "अरे डुक्कर पयून राह्यलं ना!" आणि तरी कोणी हललं नाही. राष्ट्रगीत संपल्यावर बसली, पण पुढचा अर्धा तास आमच्याकडं एक चॉकलेटचा कागद पण वाजला नाही. जब्या शेवटी जो दगड मारतो, तसाच दगड 'अंकुर'च्या शेवटी, १९७४ मध्ये, एक लहान पोरगा जमीनदाराच्या खिडकीवर मारतो. मी पुढच्याच आठवड्यात 'अंकुर' लावला, मुद्दाम काही सांगितलं नाही, आणि सातवीतल्या एका पोरीनं बरोबर ओळखलं, म्हणाली दादा हा दगड आपण पाहिला होता. तुम्ही पण हे दोन पाठोपाठ लावा.

'कोर्ट' (चैतन्य ताम्हाणे) लावताना भीती होती, संथ आहे, लांब लांब शॉट आहेत. पण सरकारी वकील बाई इंग्रजीत कलमं वाचत सुटते आणि आरोपी नारायण कांबळे नुसता उभा असतो, तिथं लोकांना एवढं पटलं की काय सांगू. "आपल्या तारखेवर असंच असते, काई समजत नाई, वकील म्हनते आता पुढल्या महिन्यात या." ज्यांची धुऱ्याची (शेताच्या बांधाची) केस चालू आहे अशी माणसं गावात कमी नाहीत. नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, स्वतः चळवळीतले, एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं गेले. हे मी शेवटी सांगितलं तेव्हा लोकांना धक्काच बसला, मुंबईचा कोणी मोठा नट असेल असं त्यांना वाटलं होतं.

आणि आता ज्याबद्दल लिहायला मी सगळ्यात जास्त वेळ घेतला तो, 'गाभ्रीचा पाऊस', सतीश मनवर, २००९. आपल्याच भागातली, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या सावटाची गोष्ट, आपलीच बोली, गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. डिस्क माझ्याजवळ वर्षभर पडून होती आणि मी लावत नव्हतो, कारण आमच्याच ओळीत एक घर असं आहे की जिथं हे होऊन गेलं आहे. त्या घरच्या काकूनंच एक दिवस विचारलं, आपल्याकडच्या पावसाचा एक सिनेमा हाय म्हनते, तो काऊन नाई लावत? मी म्हटलं काकू त्यात ते आहे. ती म्हणाली, मले माहीत हाय, लाव.

सिनेमात शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलकाला आपल्या नवऱ्याची, किसनाची, धास्ती बसते आणि ती त्याच्यावर नजर ठेवते, लहानग्या दिनूला आणि सासूला त्याच्या मागंमागं पाठवते. किसनाला काही माहीत नाही, तो आपला पेरणीच्या मागे, पाऊस येत नाही, आणि आला की नको तेवढा येतो. यात हसायच्या जागा आहेत आणि लोक खरंच हसले, पोरगं बापाच्या मागं संडासला पण जाते तिथं तर बाया पदर लावून हसल्या. पण मी काकूकडं पाहत होतो. ती पडद्यावर किसनाला पाहतच नव्हती, ती फक्त अलकाला पाहत होती. बाकीच्यांचं सगळं लक्ष त्याच्यावर, आता काय करते, दोरी कायले उचलली, विहिरीकडं कायले गेला, आणि ही मात्र त्या बाईचे डोळे पाहत होती, ती कशी उठते, कशी दारात येते. संपल्यावर मला म्हणाली, "इतकं कोनी पाहू शकत नाई बापू. झोप लागतेच." आणि सतरंजी झटकून घडी करून माझ्या हातात दिली.

शेवट सांगत नाही, तुम्ही पाहा. पण लावणार असाल तर एक करा, आधी घरोघरी जाऊन विचारा, आणि संपल्यावर लगेच लाईट लावू नका.

पुढचं ठरलं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोट्टी आपले लाकडी नंदी सजवून गावभर फिरतात, त्या संध्याकाळी 'टिंग्या' लावणार, २००८, मंगेश हाडवळे, जखमी बैल विकायला निघालेला बाप आणि बैलासाठी अडून बसलेलं पोरगं. शरद गोयेकरला त्यासाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. यंदा गावात बैलजोड्या अकराच उरल्या आहेत, बाकी सगळं ट्रॅक्टरवर, त्यामुळं मामाजींनी सांगून ठेवलं आहे की त्यांची जोडी सिनेमा पाहायला भिंतीपाशीच बांधणार. पाऊस नसला तर चादर काढून पुन्हा भिंतीवर लावतो, चुन्याचा एक हात मात्र द्यावा लागेल, खालच्या बाजूला शेवाळ धरलं आहे.