मुलांचा मोबाइल चोरून बघावा का? तुम्ही विचारलंत म्हणून

पालकसभा असो, लग्नाची पंगत असो, नाहीतर सांगली स्टँडवर अचानक भेटलेली जुनी मैत्रीण असो; मी मुलांच्या इंटरनेटवरच्या सुरक्षिततेवर संशोधन करते असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मॅडम, पोरगं झोपल्यावर त्याचा मोबाइल बघितला तर चालतंय का?" विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि आवाज खाली आणून विचारते. वडील विचारतात ते असं: "लक्ष ठेवायला कुठलं ॲप टाकू, तेवढं सांगा." दोघांनाही माझं उत्तर एकच आहे. बघा, पण चोरून बघू नका. उभ्या उभ्या याचं कारण सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते.

तुमची काळजी खोटी नाही, हे आधी सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात लहान मुलांविरुद्धचे सायबर गुन्हे २०२१ साली १,३७६ होते, ते २०२२ साली १,८२३ झाले. पण एवढ्या मोठ्या देशात, घरोघरी मोबाइल असताना, वर्षाला दोन हजारही प्रकार घडत नसतील यावर कोण विश्वास ठेवेल? हा आकडा घडलेल्या गोष्टींचा नाही, पोलीस ठाण्यापर्यंत पोचलेल्या गोष्टींचा आहे. बाकीच्या कुठे अडतात, हाच माझ्या अभ्यासाचा गाभा आहे. त्या मुलाच्या तोंडातच अडतात.

युरोपात २०१० साली २५ देशांतल्या ९ ते १६ वयाच्या सुमारे २५ हजार मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून एक मोठा अभ्यास झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सोनिया लिव्हिंग्स्टन यांच्याकडे त्याची धुरा होती. मुलाला आणि पालकाला त्यांनी तेच प्रश्न वेगवेगळे विचारले आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. ज्या मुलांना ऑनलाइन घाणेरडे, दुखावणारे मेसेज आले होते, त्यांच्यातल्या ५६ टक्के मुलांचे पालक म्हणाले, आमच्या मुलाला असं काही झालेलं नाही. इंटरनेटवर ओळख झालेल्या माणसाला प्रत्यक्ष जाऊन भेटलेल्या मुलांपैकी ६१ टक्क्यांच्या घरी पत्ताच नव्हता. हे पालक बेफिकीर नव्हते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलं का सांगत नाहीत? आपल्याकडच्या आठवी-नववीच्या मुलांना विचारलं तर लाज, भीती वगैरे नंतर येतं. पहिलं उत्तर असतं, "मोबाइल काढून घेतील." मुली पुढचंही बोलतात. मुलीच्या बाबतीत मोबाइल गेला की क्लास जातो, मग कॉलेज, आणि काही घरांत स्थळं बघायला सुरुवात होते. हे तिला पक्कं ठाऊक असतं, कारण गल्लीत कुणाच्या तरी बाबतीत तिने ते बघितलेलं असतं.

धमकावणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. त्याची रीत बघा. गेमच्या चॅटमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर ओळख होते, चार दिवस कौतुक होतं, मग "इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू" असं होतं, मग नको तसला एक फोटो मागितला जातो. फोटो हातात पडला की त्या मुलाच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो: हे बघ, तुझी आत्या, तुझे सर, तुझा मामा, पैसे पाठव, नाहीतर आणखी फोटो पाठव, नाहीतर सगळ्यांना जाईल. तो भीती दाखवतो ती घरच्यांची. घरी कळायच्या भीतीने मूल गप्प बसतं, आणि जितके दिवस गप्प बसतं तितकी त्याची पकड घट्ट होते. यात मुलगे सुटलेले नाहीत. पैशासाठी होणाऱ्या धमक्यांत तर चौदा ते सतरा वयाचे मुलगेच जास्त सापडतात, आणि त्यांच्याकडे आपलं लक्षच नसतं.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठात मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांवर संशोधन करणारं एक केंद्र आहे. तिथल्या जॅनिस वोलाक आणि डेव्हिड फिंकेलहॉर यांनी अशा धमक्यांना बळी पडलेल्या १८ ते २५ वयाच्या १,६३१ जणांची माहिती गोळा केली. सुमारे एक तृतीयांश जणांनी हे आयुष्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. जवळपास ६० टक्के प्रकरणांत धमकावणारा प्रत्यक्ष ओळखीतला होता. याच केंद्राचा २००८ साली आलेला एक निबंध मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला लावते. आपल्या डोक्यात चित्र असतं ते खोट्या नावाने, लहान मूल बनून फसवणाऱ्या परक्या माणसाचं. इंटरनेटवर मुलांना गाठून केलेल्या लैंगिक गुन्ह्यांत अटक झालेल्यांची प्रकरणं त्यांनी तपासली, त्यांत लहान वयाचं सोंग घेणारे जेमतेम ५ टक्के निघाले. बहुतेक मुलांना समोरचा वयाने मोठा आहे हे माहीत होतं. त्यांना तिथे ऐकून घेणारं माणूस मिळालं होतं.

आता चोरून बघण्याकडे येते. समजा रात्री तुम्ही मोबाइल बघितला आणि खरंच काही सापडलं. आता काय करणार? विचारायचं तर कसं कळलं ते सांगावं लागणार. म्हणून मग आडून आडून चौकशी सुरू होते, मूल सावध होतं, पासवर्ड बदलतं, दुसरं खातं उघडतं, मित्राच्या मोबाइलवरून लॉगिन करतं. तुम्ही तपासता तो मोबाइल स्वच्छ राहतो आणि तुमचा जीव भांड्यात पडतो. त्या मुलावर खरोखर प्रसंग येतो तेव्हा मात्र ज्याला सांगायचं तेच माणूस त्याच्या लेखी पाळत ठेवणारं झालेलं असतं.

ॲपचंही तेच. अमेरिकेतल्या संशोधक पामेला विस्निएव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली मुलांच्या सुरक्षिततेसाठीची ७५ अँड्रॉइड ॲप तपासली. त्यांतल्या ८९ टक्के सोयी पालकांनी नियंत्रण ठेवावं अशा होत्या. मुलाने स्वतःला सावरावं, मदत मागावी यासाठी फारच थोड्या. नुसती बंधनं घातली की धोका कमी होतो, हे युरोपातल्या अभ्यासांत दिसतं, नाही असं नाही. पण त्याबरोबर मुलाचं शिकणं आणि सावरण्याचं कौशल्यही कमी होतं. सातवीपर्यंत हा सौदा परवडेल. अकरावीला ते मूल पुण्याला हॉस्टेलवर गेल्यावर काय करणार?

शिवाय ही ॲप परदेशातली घरं डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहेत: एका मुलाला एक मोबाइल, त्याचं स्वतःचं खातं, त्यात खरं वय. २०२४ च्या 'असर' या शिक्षणावरच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा मोबाइल असलेले मुलगे ३६ टक्के होते आणि मुली २७ टक्के. म्हणजे बाकीचे घरातलाच मोबाइल वापरतात. वडील द्राक्षबागेतून घरी आले की मोबाइल दोघा-तिघा भावंडांच्या हातात. त्यावर खातं वडिलांचं, म्हणजे यूट्यूबच्या हिशेबी समोर बसलेली दहा वर्षांची पोर चाळिशीची आहे. मग तिला काय दिसत असेल? मुलांसाठी वेगळं खातं उघडून देणं हे काम मला महागड्या ॲपपेक्षा मोलाचं वाटतं.

इथे कुणीतरी मोहित्यांच्या वडगावचं नाव काढतंच. आपल्याच सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं गाव. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी मोबाइल, टीव्ही बंद. मला हा निर्णय मनापासून आवडतो, आणि त्याचं कारण असं की तो ग्रामसभेने उघडपणे घेतला, आणि मोठ्यांनीही स्वतःचे मोबाइल ठेवून दिले. पोरांना लपूनछपून काही झालं नाही. दीड तासाने मोबाइल पुन्हा हातात येतो तेव्हाचा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या घराचा राहतो.

संशोधनासाठी मी मुलांशी कशी बोलते ते सांगते, त्यातून तुम्हाला काही घेता येईल. आईवडिलांची सही लागते, पण सही मिळाली तरी मुलाचा होकार वेगळा घ्यायचा असतो. ते नको म्हणालं तर उठायचं. सोप्यात सतरंजीवर मी आणि मूल, आणि स्वयंपाकघराच्या दारात आई लसूण सोलत बसलेली, कान सगळा इकडे. म्हणून नाजूक प्रश्न मी तोंडी विचारत नाही. ते छापील कागदावर असतात. मूल पाठमोरं बसून खुणा करतं, कागद पाकिटात घालतं आणि स्वतःच्या हाताने चिकटवतं. आणि सुरुवातीलाच मी एक गोष्ट वाचून दाखवते: तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील, पण तुला कुणी त्रास देतंय असं कळलं तर मला गप्प बसता येणार नाही. कारण २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे असा गुन्हा माहीत झाल्यावर तो कळवणं बंधनकारक आहे, मला आणि तुम्हालाही. मला वाटायचं, हे ऐकून मुलं मिटतील. तसं होत नाही. ती विचारतात, "कुणाला सांगणार?" आणि मग बोलतात. कुठे थांबणार हे आधी सांगितलेलं त्यांना चालतं.

तुम्हीही तेच करा. मोबाइल देतानाच सांगा: अमुक वयापर्यंत पासवर्ड मला माहीत असेल, रविवारी आपण दोघं मिळून बघू, तुझ्या मैत्रिणींचे मेसेज मी वाचणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: काहीही झालं, चूक तुझी असली तरी, तू स्वतः येऊन सांगितलंस तर मोबाइल जाणार नाही. हा शब्द दिलात तर पाळावा लागेल. एकदा मोडला की दुसरी संधी मिळत नाही.

मूल सांगायला आलं तर पहिला प्रश्न "तू फोटो पाठवलासच का?" हा नको. पैसे पाठवू नका, एकदा दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करू नका. समोरच्याचं नाव, लिंक, नंबर, वेळ यांचे स्क्रीनशॉट ठेवा. मुलाचा तसा फोटो मात्र 'पुरावा म्हणून' कुणालाही फॉरवर्ड करू नका, मुख्याध्यापकांनाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली तो पुढे पाठवणंच गुन्हा आहे. आम्ही संशोधकही तसले फोटो बघत नाही. सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या नंबरवर फोन करा, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे, जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं आहे. पोलिसांची भीती वाटत असेल तर हे माहीत असू द्या: पोक्सोखाली मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेता येतो, घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, आणि मुलाचं नाव बाहेर येऊ देता येत नाही. फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' नावाची मोफत सोय आहे. फोटो तुमच्या मोबाइलमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो वापरून फोटो शोधून काढून टाकतात.

काही आया म्हणतात, "मॅडम, मी तर कधीपासून बघतेय, आता काय करू?" आजच सांगून टाका. ओरडेल, दोन दिवस बोलणार नाही, तेवढं सोसा. मग शेजारी बसवून त्याचं खातं खासगी आहे का ते त्यालाच दाखवायला सांगा. 'असर'मधल्या सोशल मीडिया वापरणाऱ्या जवळपास ४५ टक्के मुलांना ते कसं करतात हे माहीत नव्हतं, म्हणजे तुमच्यालाही येत नसेल अशी बरीच शक्यता आहे. नसेल येत तर सेटिंग उघडून दोघं मिळून शोधा.