वासाचा ढीग

ढीग दिसायच्या आधीच डोळे चुरचुरायला लागले. निफाड तालुक्यातली द्राक्षबाग, खरड छाटणी (काढणीनंतरची उन्हाळी छाटणी) उरकलेली. मी मातीचे नमुने घ्यायला गेलो होतो. बागायतदार खुशीत होते. "साहेब, वास बघा! शेणखताला असा जोर असतो का?"

मलनिस्सारण केंद्रातला ओलसर गाळ दोन ट्रॉल्या, बॉयलरमधली लाकडाची राख एक ट्रॉली, जेसीबीनं कालवलेली. विचार चुकीचा नव्हता. गाळात नत्र आणि स्फुरद असतं, पालाश मात्र सांडपाण्याबरोबर निघून जातं. राखेत पालाश नि चुना भरपूर, नत्र जळून गेलेलं. घोळ झाला तो दोन्ही ओलं कालवण्यात.

ढिगातला एक भाग नमुना, पाच भाग डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास हलवून मीटर बुडवला. सामू, म्हणजे पीएच, १०.९; राखेतल्या चुन्यानं चढलेला. सामू ९.२५ च्या आसपास गेला की निम्मं अमोनियम अमोनिया वायू होतं, अकराला जवळजवळ सगळंच. "भाऊ, नाकाला झोंबतंय ते तुमचं नत्रच उडतंय," म्हटल्यावर ते गप्प झाले.

जंतू तरी मरत असतील, असं त्यांचं म्हणणं. काही मरतात, पण जंताची अंडी एवढ्यानं हटत नाहीत. त्याला उष्णता लागते. आधी गाळात उसाचं पाचट मिसळून लांबट ढीग घालायचा, आत ५५ अंश किमान १५ दिवस टिकवायचे आणि तेवढ्यात पाचदा पलटी मारायची. तरीही मेथी-कोथिंबिरीला नकोच.

मग बोदावरच्या (वेली लावलेल्या उंच वरंब्यावरच्या) मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला. फसफसली. चुनखडीची जमीन, सामू ८.३. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. म्हणजे लोह मातीत असून मुळांना मिळत नव्हतं. तिथं राख म्हणजे दुखण्यात भर.

"मग उरलेली राख इगतपुरीला मेहुण्याच्या भाताला देऊ?" प्रश्न रास्त होता. तिकडची पावसानं धुतलेली जमीन आम्लधर्मी, आणि राब (वाफ्यावर पसरलेला पालापाचोळा) भाजून राखेतच रोप टाकायची तिकडची जुनी रीत. गुंठ्याला आठ-दहा किलो कोरडी राख चालली असती. पण राखेच्या उरलेल्या गोण्यांत लोहचुंबक फिरवला तर खिळेच खिळे. पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड, त्यात प्लायवूडच्या अर्धवट जळालेल्या चिपा. औषध मारलेल्या लाकडातलं तांबं, क्रोमियम, आर्सेनिक जळून संपत नाही, बरंचसं राखेतच राहतं.

दोन किलो राख पिशवीत भरून घेतली. जड धातूंचा अहवाल येईपर्यंत ढिगावर ताडपत्री, आणि पाटाकडच्या बाजूला फूटभर मातीचा बांध घालायला सांगितला.