दोन मिनिटकाटे

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जुन्या धान्यबाजाराच्या इमारतीवर एक घड्याळ आहे. त्याला मिनिटकाटे दोन! एक लंडनची वेळ दाखवतो, दुसरा ब्रिस्टलची. दोघांत दहा मिनिटांचं अंतर. ब्रिस्टल पश्चिमेला, त्यामुळे सूर्य तिथे तेवढ्या उशिरा माथ्यावर येतो. बारा वाजले म्हणजे आपल्या गावाचे बारा वाजले, असाच तेव्हा हिशेब होता. बहुतेक गावांत ते सांगण्याचा मान चर्चच्या घंटेचा.

मग आगगाडी आली. गावागणिक वेगळी वेळ धरून वेळापत्रक कसं छापायचं? १८४० मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने सगळ्या स्टेशनांवर सरळ लंडनची वेळ लावली. ना राणीचा हुकूम, ना पार्लमेंटचा ठराव. एका खासगी कंपनीने गावोगावच्या सूर्याला बिनदिक्कत रजा दिली. एक्झेटर शहरातल्या कॅथीड्रलचे, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचे, प्रमुख धर्मगुरू (डीन) मात्र लंडनची वेळ लावायला तयार होईनात, अडून बसले. १८५२ मध्ये तेही नमले. या डीनसाहेबांबद्दल मला उगाच माया वाटते. आपल्या मुंबईने तर स्वतःची वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. देशभर एकच वेळ असा कायदा ब्रिटनमध्ये झाला तो १८८० मध्ये. कंपनीने ठरवलं, सरकारने चाळीस वर्षांनी शिक्का मारला.

गिरणीत मामला याहून रोखठोक होता. तिथलं घड्याळ मालकाचं. सकाळी ते पुढे पळायचं, संध्याकाळी रेंगाळायचं. स्वतःचं घड्याळ बाळगलं म्हणून कामगाराला घरी बसवल्याच्या हकिकती त्या काळच्या आठवणींत सापडतात. पूर्वी जमीनदाराकडे जमीन असायची. या नव्या धन्याकडे लोकांची मिनिटं होती.

अखेर १८४४ च्या कारखाना कायद्याने सांगितलं, कामाचे तास सार्वजनिक घड्याळाप्रमाणे मोजा, आणि ते घड्याळ कोणतं हे निरीक्षकाकडून मंजूर करून घ्या. मालकाच्या काट्यावर सरकारची नजर आली. कामगारांची मागणी तर त्याहून मोठी होती: दिवसाला दहाच तास. त्यावर ऑक्सफर्डचे अर्थशास्त्रज्ञ नासाऊ सीनियर यांनी १८३७ मध्येच आकडेमोड मांडली होती, की गिरणीचा सगळा निव्वळ नफा दिवसाच्या शेवटच्या तासातच निघतो. तो तास गेला की धंदा बसला. १८४७ मध्ये बायका आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दहा तासांचा कायदा झालाच. मँचेस्टरच्या गिरण्यांचे भोंगे त्यानंतरही कित्येक दशकं वाजत राहिले, आणि मालकांच्या कोठ्याही काही ओस पडल्या नाहीत.