सीट खाली घेऊन सायकल लहान होत नाही

पहिल्या सायकलच्या वेळी दुकानदार म्हणाला होता, "थोडी मोठी वाटतेय, पण सीट खाली घेतली की बसेल." सीट खाली घेतली, पण हँडल होतं तिथेच राहिलं. वीसेक किलोमीटर झाले की करंगळी आणि अनामिका बधिर व्हायची, मान आखडायची. सवय नाही म्हणून होतंय, असं समजून मी वर्ष काढलं. त्या वर्षाचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी सायकल घ्यायचं ठरल्यावर आधी घरीच माप घेतलं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, पायांत जाडजूड पुस्तक उभं धरून सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबलं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत बहिणीला टेप लावायला सांगितलं. पायाच्या आतल्या बाजूची लांबी 78 सेंटीमीटर. तिला 0.883 ने गुणलं की क्रँकच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या वरच्या भागापर्यंतची उंची मिळते. माझी साधारण 69 आली. हा अंदाजच, पण सुरुवातीला फार उपयोगी पडतो.

खरी अडचण पुढे होती. 'मीडियम' लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या सायकली सारख्या नसतात. मी दोन्हींचे तक्ते शेजारी ठेवले, तर रीचमध्ये 15 मिलिमीटरचा फरक! रीच म्हणजे क्रँकच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडल ज्यात बसतं त्या फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. सीट वर-खाली होते, हे अंतर फ्रेममध्येच ठरलेलं असतं. आखूड स्टेम (हँडल पुढे धरून ठेवणारा जोड) लावून एखाद सेंटीमीटर भरून निघतो, त्यापुढे हँडल विचित्र वागायला लागतं. म्हणून मी निवड रीच बघून केली.

दुकानात मात्र घाई केली नाही. टाच पॅडलवर ठेवून पाय अगदी खाली नेला, गुडघा जेमतेम सरळ होईल इतकी सीट लावून घेतली. म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हलकासा बाक राहतो. मग दोन्ही सायकली अर्धा-अर्धा तास चालवल्या. लांब रीचच्या सायकलवर दहाव्या मिनिटाला कोपरं ताठ झाली आणि खांदे कानांकडे चढले. दुसरीवर कोपरं सैल होती, ब्रेक बोटांत सहज येत होते.

तीच घेतली. पहिल्या आठवड्यात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला थोडं दुखलं, तेव्हा सीट 5 मिलिमीटर वर घेतली आणि सीटपोस्टवर चिकटपट्टीने खूण करून ठेवली.