रिकाम्या बाटल्या

शनिवारी दुपारी आमच्या इथल्या, म्हणजे म्युनिकच्या, सुपरमार्केटात सगळ्यात मोठी रांग असते ती बाटल्या परत घेणाऱ्या मशीनपुढे. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे सगळा गाव आठवड्याच्या रिकाम्या बाटल्या शनिवारीच घेऊन येतो. भिंतीत एक गोल भोक. त्यात बाटली आडवी सरकवायची, आत ती गरागरा फिरते, बारकोड सापडला की गडप. विकत घेताना भरलेलं डिपॉझिट असं परत मिळतं, प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांचे २५ सेंट, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीचे ८. चेपलेली बाटली मशीन परत बाहेर ढकलतं. परवा माझ्यापुढच्या आजोबांनी अशी परत आलेली बाटली घेतली, झाकण उघडून तोंडाला लावली, गाल फुगवून फुंकर मारली आणि टुमटुमीत झालेली बाटली पुन्हा आत सरकवली. मागे आम्ही दहा-बारा जण उभे. कुणाच्या कपाळावर आठी नाही.

२५ सेंट म्हणजे पंचवीसेक रुपये. हा हिशोब आता सोडून द्यायला हवा, असं सगळेच सांगतात. कॉफी पिताना मी तो सोडलाय. बाटलीच्या बाबतीत सुटत नाही.

या गावात आल्यावर आधी पत्ता नोंदवला, मग बँक, विमा, दारावर आडनावाची पट्टी. एवढं सगळं होऊनही घर लॉजसारखंच वाटायचं. सिंकखाली बाटल्यांची पिशवी लागली तेव्हा कुठे जरा बरं वाटलं. का, ते विचारू नका.

आईला व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघर दाखवत होते, तर तिची नजर नेमकी तिथेच गेली.

"या गं कसल्या बाटल्या?"

"पाण्याच्या. इथे बुडबुड्यांचं पाणी पितात."

"म्हणजे सोडा?"

"हो, सोडाच."

"नुसता सोडा?" आई म्हणाली आणि पुढे काही बोललीच नाही. त्या दिवसापासून जावयाची चौकशी जरा जास्त होते.

खरं तर बाटल्या परत करायचं शिक्षण माझं डोंबिवलीतच झालं. पाहुणे आले की मला पिशवी देऊन कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळायचे. "बाटल्या संध्याकाळी परत आण, नायतर डिपॉझिट ठेव," असं म्हणत शेट वहीत आकडा लिहायचा. डिपॉझिट द्यायला आमच्याकडे कोणीच राजी नसे. त्यामुळे पाहुण्यांच्या हातातली बाटली संपण्याकडे माझं सगळं लक्ष. थोरले काका थम्स अप प्यायचे चहासारखं, एकेक घोट, मधे राजकारण. बाटलीच्या तळाशी बोटभर उरलं की ते ती मांडीवर टेकवून नव्या विषयाला हात घालायचे. दुकान आठला बंद. मी दाराशी चपला घालून उभी, आई डोळ्यांनीच दटावतेय, काका शरद पवारांवर. एकदा शेवटी आईनंच त्यांना विचारलं, "भाऊजी, ग्लासात ओतून देऊ का?" ते ती गोष्ट पुढे कित्येक वर्षं काकूंना ऐकवत होते.

इथे बिअरच्या वीस बाटल्या क्रेटसकट परत केल्या की ३ युरो १० सेंट मिळतात, १ युरो ६० बाटल्यांचे आणि १ युरो ५० क्रेटचे. हे शेंबड्या पोरालाही पाठ. जॅमच्या बरण्यांचे मात्र काहीच मिळत नाहीत. त्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत टाकायच्या, पांढरी काच वेगळी, तपकिरी वेगळी, हिरवी वेगळी, आणि रविवारी तर टाकायच्याच नाहीत, आवाज होतो. माझी एकही बरणी अजून त्या पेटीपर्यंत पोचलेली नाही. स्ट्रॉबेरीचं अर्धवट खरवडलेलं लेबल आणि आत मेथ्या, अशी आमची मांडणी. नवरा म्हणतो, आयकियात सहा बरण्यांचा सेट मिळतो. मिळू दे.

उन्हाळ्यात ईझार नदीच्या काठावर संध्याकाळी तरुण पोरं बिअर घेऊन बसतात. जाताना रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, डब्याशेजारी उभी करून ठेवतात. वेचणाऱ्याला आत हात घालावा लागू नये म्हणून. मला आधी वाटलं होतं, वेचणारी कोणी भटकी माणसं असतील. असतातही. पण एक गृहस्थ मी नेहमी बघते. इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट, सायकलला दोन पिशव्या, हातात टॉर्च. सत्तरीचे तरी असतील. ऑफिसातल्या सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, पेन्शन पुरत नसेल, आणि विषय बदलला.

पाच वर्षं वर्गणी भरली की पेन्शनवाल्यांचं पत्र आपल्यालाही दरवर्षी येतं. सदुसष्टाव्या वर्षी तुम्हाला महिन्याला इतके इतके मिळतील. आमचं आलंय. आकडा बघून नवऱ्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला. तोवर आपण इथे असू की डोंबिवलीत, हे एकदा बसून ठरवायला हवं, असं दोघंही म्हणतो. अजून बसलेलो नाही.